मृगाच्या आत फोडलं तर सरपण, नाहीतर धूर

(पोखर्णीच्या ग्रामसंघ बैठकीत आपल्याच एका गटातल्या ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या भगिनींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



अध्यक्षताई मला म्हणाल्या, "बचतीवर आणि कर्जफेडीवर सगळ्याच बोलतात. या वेळी तुम्ही जळतणावर बोला." मला हसूच आलं. जळतणावर काय बोलायचं, ते चुलीत घालायचं असतं! पण रात्री चूल विझवताना विचार केला. आपण गटाच्या वहीत दहा रुपयांचासुद्धा हिशोब लिहितो. कोणाची बचत आली, कोणाचा हप्ता राहिला, सगळं लिहितो. पण रोज चुलीत किती लाकूड गेलं, त्यातल्या कितीची आच भाकरीला लागली आणि किती धूर होऊन आपल्या डोळ्यांत गेलं, हे कुठल्याच वहीत नाही. म्हणून आज बोलते.

कोणी म्हणेल, आता गॅस आलाय की. खरं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरात पहिल्यांदा गॅसची शेगडी आली. मोठीच गोष्ट झाली ती. पण खरं सांगा, अंघोळीचं पाणी कशावर तापतं? भाकरी कशावर होते? टाकी संपली आणि हातात पैसे नसले तर काय पेटतं? चूलच ना? मग जोवर चूल पेटते आहे, तोवर तिच्यात काय घालायचं ते शहाणपणानं घालू.

आमच्या बांधावरची बाभूळ

आधी माझी चूक सांगते. चार वर्षं झाली. आमच्या बांधावर जुनी बाभूळ होती, सासऱ्यांच्याही आधीची. तुम्हाला माहीतच आहे, वैशाखात आपल्याकडे नृसिंह जयंती झाली की वळवाची वादळं सुरू होतात. अशाच एका रात्री कडाडकन आवाज झाला आणि सकाळी बघते तर बाभूळ मुळासकट आडवी.

दोन दिवसांनी लाकडाचा व्यापारी आला. घरातल्या माणसांनी उभ्या उभ्या भाव ठरवला. ना वजन, ना माप. बुंधा गाडीत गेला आणि फांद्या आम्हाला राहिल्या. "बायकांना सरपण झालं," म्हणाले. मी आणि जाऊबाईंनी त्या फांद्या ओढत आणल्या आणि घरामागं ढीग घातला. म्हटलं, सवडीनं फोडू.

सवड काही मिळाली नाही. मृग लागला, पेरणी आली, मग खुरपणी. ढीग तसाच उघड्यावर, जमिनीला टेकलेला. वरून पाऊस, खालून ओल.

आषाढात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. बाळंतिणीला शेक पाहिजे, बाळाला धुरी पाहिजे. आपली रीतच आहे. मी त्याच ढिगातली लाकडं पेटवली. ती जळतच नव्हती, नुसती धुमसत होती. घमेल्यात तसलाच अर्धा विस्तव, अर्धा धूर भरून बाजेखाली ठेवायचे. गार वारा लागू नये म्हणून दार लावलेलं, खिडकीत पोतं कोंबलेलं. लेकीचे डोळे लाल व्हायचे. मी म्हणायचे, "बाई, सोस थोडं, चांगलं असतं."

तिसऱ्या आठवड्यात बाळ कण्हायला लागलं. श्वास भरभर, बरगडीखाली खड्डा पडायचा. आशाताईंनी बघितलं आणि १०८ ची गाडी बोलावली. न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात होतो. बाळ वाचलं, आता अंगणभर पळतं, माझ्या हातची भाकरी खातं. डॉक्टर म्हणाले, "एकट्या धुरानंच झालं असं नाही म्हणता येणार. पण तान्हं बाळ धुराच्या खोलीत ठेवू नका." त्या आठ दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं, फक्त घरामागचा तो न फोडलेला ढीग.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे, की घरातल्या चुलीच्या धुरामुळं जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं गेली, आणि त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त लेकरं होती. हा आकडा मला नंतर कळला. आधी कळला असता तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे. पण तुम्ही ऐका.

आधी विचारा, मग कुऱ्हाड लावा

झाड पडलं की पहिला प्रश्न, ते कोणाचं? आपल्या वावरातलं असेल तर आपलं. सामाईक बांधावरचं असेल तर शेजाऱ्याशी बोलून घ्या, झाड पडल्यावर भाऊबंदकी उभी राहायला नको. गायरानातलं असेल तर ग्रामपंचायतीला विचारायचं. गंगाखेड रस्त्याच्या कडेचं किंवा रेल्वेच्या हद्दीतलं असेल तर ते आपलं नाही. पडलेलं दिसलं म्हणून कुऱ्हाड घेऊन जाऊ नका.

दुसरा प्रश्न, झाड कोणतं? महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ साली आला. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग, चंदन, खैर, हिरडा, अंजन अशी झाडं आहेत. ही स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. वाऱ्यानं पडलेल्या झाडाला परवानगी मिळते, पण अर्ज करावा लागतो. चिंच पडली तर आधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा, अर्ज कुठं द्यायचा ते विचारा, आणि मगच करवत लावा. बाभूळ आणि लिंब त्या यादीत नाहीत. तरी लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावाला न्यायचं असेल तर विचारल्याशिवाय नेऊ नका. कागद हातात असला की रस्त्यात कोणी अडवलं तरी बोलायला तोंड राहतं.

पडलेलं झाड मेलेलं नसतं

हे वाक्य आमच्या सासूबाईंचं. पडलेलं झाड निपचित दिसतं, पण त्याच्या अंगात जोर असतो. एखादी फांदी खोडाखाली दबून धनुष्यासारखी वाकलेली असते. तिच्यावर घाव बसला की ती उसळते आणि सरळ तोंडावर येते. म्हणून आधी झाडाभोवती एक चक्कर मारा. कोणती फांदी दबलेली आहे, कोणती अधांतरी आहे, ते बघा. जिकडं ती उसळेल तिकडं उभं राहू नका. शेंड्याकडच्या बारीक फांद्यांपासून सुरुवात करा आणि बुंध्याकडं या.

दुसरा धोका मुळांचा. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की वजन कमी होतं, आणि मुळांचा तो मोठा गड्डा एकदम उभा राहून परत खड्ड्यात बसतो. लेकरांना अशा खड्ड्यात खेळायची भारी हौस. एका लेकराला खड्ड्यापासून लांब ठेवणं हेच त्या दिवशी एका बाईचं काम ठेवा.

तार तुटून झाडावर पडली असेल तर जवळ जायचंच नाही. लाईट गेलेली दिसते, पण कधी येईल सांगता येत नाही. विजेच्या तक्रारीचा नंबर १९१२ आहे, तो मोबाईलमध्ये घालून ठेवा. पोकळ खोडात, ढोलीत हात घालू नका, साप-विंचू असतो. काठीनं वाजवून बघा.

मशीनच्या करवतीनं कापायचं असेल तर सवयीचा माणूस तासाच्या बोलीनं आणा. गटानं मिळून आणला तर प्रत्येकीला थोडाच खर्च येतो. मशीन चालू असताना पदर लोंबता ठेवून जवळ जायचं नाही. हातकरवतीनं कापताना पातं अडकलं तर ओढाताण करू नका. चिरेत लाकडाची पाचर ठोका, करवत मोकळी होते. आणि बाभळीच्या कामाला चप्पल नको, जाड तळाचा बूट घाला. तो काटा स्लीपरमधून आरपार जातो, हे कोणाला सांगायला नको.

बुंधा चुलीत घालू नका, मापल्याशिवाय विकूही नका

बाभळीचं लाकूड जड, चिवट. जुन्या काळी औत, तिफण, वखर, गाडीची चाकं सगळं बाभळीचं. सरळ, निरोगी बुंधा म्हणजे पैसा आहे. तो एक तर अवजाराला ठेवा, नाहीतर भावानं विका.

व्यापारी घनफुटात बोलतो आणि आपण गप्प बसतो, कारण माप येत नाही. ते अगदी सोपं आहे. एक दोरी घ्या. बुंध्याच्या मध्यावर गुंडाळा, तेवढीच दोरी कापा. आता तिच्या चार सारख्या घड्या करा. एका घडीची लांबी फुटात मोजा. घडी गुणिले घडी, गुणिले बुंध्याची लांबी, म्हणजे घनफूट. घेर ४ फूट असेल तर घडी १ फुटाची. बुंधा ८ फूट लांब असेल तर १ गुणिले १ गुणिले ८, म्हणजे ८ घनफूट झाले. व्यवहारात हेच माप चालतं. खरं लाकूड यापेक्षा थोडं जास्तच भरतं, म्हणून यापेक्षा कमी कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन-तीन ठिकाणचा भाव विचारा. दोरीची घडी आपल्या हातात असली की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो.

बाकीचंही वाया घालवू नका. पाला आणि शेंगा शेळ्यांना. काट्याच्या फांद्या कुंपणाला. डिंक दिसला तर काढून ठेवा.

ओलं आहे तोवर फोडा

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं, लाकूड वाळू द्यावं, मग फोडावं. बाभळीचं उलटं आहे. ती ओली असताना कुऱ्हाड घेते, वाळली की लोखंड होते. आणि अख्खं खोड सालीसकट पडून राहिलं तर आतून वाळतही नाही, भुंगा मात्र लागतो.

ताज्या लाकडाच्या वजनात साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी असतं. दहा किलोचा भारा घरी आणला तर त्यातलं चार किलो पाणीच धरा. म्हणजे तुम्ही डोक्यावर चार लिटर पाणी आणलं आणि चुलीत ओतलं. चार लिटर पाणी पातेल्यात ठेवून पार आटवायचं म्हटलं तर किती जळतण लागेल? तेवढी आच भाकरीला मिळतच नाही, लाकूड स्वतःला वाळवण्यातच ती खर्च करतं. वर विस्तव थंड पडतो, म्हणून लाकूड पुरतं जळत नाही. जे जळायचं राहतं, तोच धूर. फुंकणी घेऊन आपण जी छाती दुखवून घेतो, ती त्या पाण्यापायी.

म्हणून झाड पडल्यापासून पंधरा दिवस आपल्या हातात आहेत असं धरा. साधारण ७-८ जूनला मृग लागतो. वैशाखातलं ऊन आणि कोरडं वारं आपल्यासारखं कुठं मिळणार? एरवी आपण त्या उन्हाला शिव्या देतो, सरपणाला तेच सोन्यासारखं आहे. खोडाचे चुलीच्या मापाचे तुकडे करा. मग मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या फोडा. गाठीची लाकडं वेगळी ठेवा, ती रात्रभर विस्तव धरून ठेवायला बरी. फोडायला घण आणि पाचर असेल तर पाठ वाचते.

रचताना खाली दगड नाहीतर दोन वाकडी लाकडं टाका, जमिनीची ओल लागू देऊ नका. ढलप्यांमध्ये वारं खेळलं पाहिजे. वरून पत्रा नाहीतर ताडपत्री टाका, पण बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. भिंतीला अगदी चिकटून रचू नका, वाळवी आणि साप दोघांनाही आसरा होतो.

ढलपीची वही

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेली टणटण वाजते, ओली थपकन बसते. टोकाला चिरा पडतात, साल सुटते. पण मी आता याहून पक्की खूण करते. एका ढलपीवर कोळशानं फुली मारते आणि दर आठवड्याला, गटाच्या बैठकीच्या दिवशी, तिचं वजन करून वहीत लिहिते. मागच्या वर्षी लिंबाची एक मोठी फांदी पडली, ती आठ दिवसांत फोडली. फुलीची ढलपी पहिल्या दिवशी २ किलो होती. मृगाला दीड किलो झाली. पावसाळ्यात पत्र्याखाली फार हलली नाही. दिवाळीला १ किलो ३०० ग्रॅमवर थांबली. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, सरपण तयार झालं.

एक गोष्ट आमच्या गटातल्या बायकांना नवी वाटली. वाळलेलं लाकूड किलोला किलो घेतलं तर बाभूळ काय, लिंब काय, आच जवळपास सारखीच देतं. फरक जडपणाचा आहे. बाभळीची मोळी तेवढीच दिसते, पण वजनाला जास्त भरते आणि तिचा निखारा टिकतो. शेवग्याचं, पांगाऱ्याचं लाकूड हलकं, भुर्रकन जळून जातं. ते पेटवणाला घ्या, स्वयंपाकाला कडक लाकूड वापरा.

धुराचं लाकूड वेगळं ठेवा

मी धुराच्या नावानं एवढं बोलते, पण आपल्याला धूर हवाही असतो. हुरड्याची आगटी, भरताचं वांगं, वरणाला धुंगार, गोठ्यात डासांना लिंबाचा पाला. यालाही लाकडाची निवड लागते.

चवीचा धूर कडक, वाळलेल्या, स्वच्छ लाकडाच्या निखाऱ्यातून येतो. जगभर हीच रीत आहे. अमेरिकेत हिकरी आणि ओकच्या लाकडावर मांस धुरवतात, जपानात मासे ओकच्या धुरावर वाळवतात. ही सगळी कडक लाकडं. आपल्याकडं बाभूळ आहे. आधी जाळ होऊन जाऊ द्या, निखारा लाल-पांढरा झाला की वांगं ठेवा. पिवळा जाळ आणि काळा धूर असताना ठेवलं तर काजळीची चव येते. आगटीला गोवऱ्या असतातच, त्याखाली बाभळीचा निखारा असला तर विस्तव लवकर बसत नाही. हुरड्याच्या दिवसांत ज्या गटांना पाहुण्यांसाठी हुरडा करून विकायचा आहे, त्यांनी अशी निवडक ढलपी उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावी.

आणि हे मात्र कधीच जाळू नका. कण्हेरीचं लाकूड, ते विषारी असतं आणि त्याचा धूरही घातक. रंग दिलेली चौकट, प्लायवूड, औषधाच्या पेटीचं खोकं. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नको. भाकरीवर ते सगळं बसतं.

गोठ्यात लिंबाचा धूर करताना वरचा झरोका उघडा ठेवा आणि नव्या वासराला त्या वेळी बाहेर बांधा. जनावरालाही छाती असते.

बाळंतिणीची खोली

आता जे बोलते ते म्हाताऱ्या बायांना आवडणार नाही. मलाही आवडलं नसतं. बाळंतिणीला ऊब हवी, यात वाद नाही. पण ऊब वेगळी आणि धूर वेगळा. बाजेखाली विस्तव ठेवून दार-खिडकी लावली की आणखी एक विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. कोळसा लाल झाला, धूर दिसेना, म्हणजे धोका गेला असं नाही. बंद खोलीत त्यानं माणूस झोपेतच जातो.

म्हणून शेक द्यायचा तर कापड बाहेर गरम करून द्या. पाणी बाहेर तापवा. विस्तव खोलीबाहेर ठेवा. बाळाला ऊब आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून मिळते, आशाताईही हेच सांगतात. बाळाला धुरी द्यायचीच नाही. एखाद्या आजीनं हट्टच धरला तर ओवा-शेपा कापडात बांधून उशाशी ठेवा, वास येईल, धूर नाही. बाळाचा श्वास भरभर चालला, बरगडीखाली खड्डा पडायला लागला, दूध ओढेना, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ लावा.

लेकीला मी त्या दिवसांत "सोस" म्हणाले होते. आता कुठल्याच बाळंतिणीला तो शब्द म्हणणार नाही.

गटानं काय करायचं

मी चार गोष्टी मांडते. पटल्या तर आजच्याच ठरावात लिहू.

पहिली, वैशाख-जेठात झाड पडलं की त्या घरानं गटाला कळवायचं. दोरी, पाचर, घण आणि वजनकाटा गटाच्या पेटीत ठेवायचा. बुंधा विकायचा असेल तर दोघी-तिघींनी मिळून माप घ्यायचं आणि ते कागदावर लिहायचं. घरातल्या माणसांना डावलायचं नाही, पण भाव ठरताना आपण तिथं असायचं.

दुसरी, फोडणं पाळीनं करायचं. आज माझ्या घरी, उद्या तुमच्या घरी. एकटीच्या कुऱ्हाडीनं ढीग तसाच राहतो, हे मी अनुभवलंय. चौघी असल्या की दोन दिवसांत संपतो. गरोदर बाईनं भारा उचलायचा नाही, तिनं वही लिहायची.

तिसरी, ज्या घरात त्या पावसाळ्यात बाळंतपण आहे, त्या घराला वाळलेलं सरपण आधी द्यायचं. हे कर्ज नाही आणि त्याला व्याजही नाही.

चौथी, एक झाड पडलं की दोन लावायची. बाभळीचं बी शोधायला लांब जाऊ नका. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की लेंड्यांतून बी पडतं, ते चांगलं उगवतं. गोठा झाडताना ते वेचा आणि मृगाच्या पहिल्या पावसात बांधावर टाका. लिंबाचं बूड जिवंत असेल तर उपटू नका, ते पुन्हा फुटतं. आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल फार थोडं आहे. बांधावरची झाडं हेच आपलं जंगल. उभं झाड सरपणासाठी पाडायचं नाही. जे वाऱ्यानं दिलं, त्यातलं काही वाया घालवायचं नाही, एवढंच.

आमच्या बांधावर त्या बाभळीच्या जागी आता तीन पोरं उभी आहेत. माझ्या कमरेएवढी झालीत. नातू सुट्टीत आला की त्यांच्याभोवती पळतो, काटा टोचला की रडत येतो. मी काटा काढते आणि मनात म्हणते, बाबा, तू पळतोस ना, बस झालं.

चला. ज्यांच्या घरामागं न फोडलेला ढीग आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका, माझाही होता. आज बैठक संपली की कोणाच्या घरापासून सुरुवात करायची, एवढं ठरवूनच उठू.